बाळकुमचं ऊन, शुक्रवारची लिफ्ट

आमच्या सोसायटीत प्रवास करून आलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी युरोपहून आली आणि लागोपाठ तीन रविवार त्यांनी फोटो दाखवले. शेजारचे चारधाम करून आले, त्यांनी केदारनाथची थंडी अशी काही वर्णन केली की ऐकता ऐकता मी पंखा बंद केला. तेव्हा मीही लिहितो. माझा प्रवास डोंबिवली ते कल्याण आणि डोंबिवली ते ठाणे एवढाच झाला. व्हिसा लागला नाही, रजा टाकावी लागली नाही, आणि आणायला कुणी स्टेशनावर आलं नाही. पण जे बघायला लोक परदेशी जातात म्हणतात, ते खाडीच्या पलीकडे बघून आलो, आणि ते आपल्याच माणसांनी केलेलं होतं. म्हणून मान जरा ताठ आहे. ती तशीच ठेवून लिहितो.

आधी गेलो कशासाठी ते सांगायला हवं.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी भागात. सात मजले, एक लिफ्ट. सातव्या मजल्यावर आठल्ये काका राहतात. पूर्वी इथल्याच एका कारखान्यात मशिनशॉपचे फोरमन होते. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात: सोमवार, बुधवार, शुक्रवार. आणि शुक्रवार हा आमच्या औद्योगिक भागाचा सुट्टीचा वार. त्यामुळे तारा, ट्रान्सफॉर्मर यांच्या दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर ती बहुधा शुक्रवारीच ठेवतात. दर शुक्रवारी जाते असं नाही, पण जाते तेव्हा सकाळी दहाच्या सुमाराला जाते, आणि काकांना साडेदहाला निघायचं असतं.

मग चार जण प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून काकांना सात मजले खाली आणतात. जनरेटर होता पूर्वी. त्याचा धूर थेट तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात जायचा, म्हणून काढून टाकला. डायलिसिसचा वार बदलून मागितला, तर दुसऱ्या दिवशी जागा नाही. तेव्हा खुर्ची. काका जिन्यातून जाताना भेटेल त्याला सांगायचे, "चौघांनी उचलायची वेळ माणसावर एकदाच येते. माझ्यावर महिन्यातून दोन-तीनदा येते." लोक हसायचे. काकू हसायच्या नाहीत.

एका शुक्रवारी चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. कुणाला लागलं नाही, पण काकांनी कठडा घट्ट धरला तो सुटेना. पुढच्या शुक्रवारी वीज गेली आणि काका म्हणाले, "मी येत नाही." नाही म्हणजे नाही. रविवारपर्यंत पाय सुजले, श्वास लागायला लागला, आणि धावपळ करून न्यावं लागलं. डॉक्टरांनी काकूंना बजावलं की यापुढे एकही वार चुकता कामा नये.

आता माझा संबंध. मी सोसायटीचा सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर सोलर पॅनेल बसवली, त्यात पुढाकार माझा. बसवल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी वीज गेली, तेव्हा निम्मी इमारत लिफ्टपाशी जमली. आता काय, आपली स्वतःची वीज! वर ऊन रणरणत होतं, पॅनेल चकाकत होती, आणि लिफ्ट ढिम्म. कारण असं की साध्या सोलरची वीज रस्त्यावरच्या लाइनला जोडलेली असते. लाइन बंद झाली की सोलरही आपोआप बंद होतो. ते बरोबरच आहे. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला तिचा धक्का बसेल. आपली इमारत लाइनपासून सुटी करून स्वतःपुरती चालवायची तर मध्ये बॅटरी लागते. मी हे सगळं समजावून सांगितलं. आमचे अध्यक्ष सावंत शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पाटणकर, तुमचा सूर्य कारखान्यात कामाला आहे का हो? शुक्रवारी सुट्टी घेतो."

ते वाक्य दोन वर्षं चाललं. काकांच्या त्या रविवारनंतर मी बॅटरीचा ठराव मांडायचं ठरवलं. सावंत म्हणाले, "येता सोडून पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. त्याआधी मला बॅटरीवर चालणारी लिफ्ट दाखवा. लाइट घालवून. मी स्वतः आत उभा राहीन. चालली तर ठराव मीच मांडतो. नाही चालली तर तुम्ही पुन्हा सूर्याचं नाव काढायचं नाही."

सावंत म्हणजे मूळचे कुडाळकडचे. बोलण्यात तिखट, पण शब्दाला पक्के. मी हो म्हटलं.

शनिवार : कल्याण

माझी स्कूटर बॅटरीवर चालते. सावंत मागे बसले आणि चार्जचा आकडा बघत राहिले. पत्रीपुलापर्यंत त्यांनी तो मला तीनदा वाचून दाखवला. "पाटणकर, उतरतोय हां." मी म्हटलं, "तुम्ही उतरलात तर तो कमी उतरेल."

कल्याणला माझी ताई राहते. तिच्या ओळखीचे शिंदे फुलांचे व्यापारी आहेत, मूळ जुन्नरकडचे. मार्केटजवळच्या गाळ्यात त्यांनी फुलांसाठी थंड खोली केली आहे आणि पत्र्यावर सोलर घालून खाली बॅटरी ठेवली आहे. आम्ही पोचलो तेव्हा झेंडूच्या गोण्या उतरत होत्या. बाहेर घाम, आणि त्या खोलीत शिरलं की महाबळेश्वर. आत शेवंती, गुलाब, निशिगंध, आणि भिंतीला लागून कपाटाएवढी एक करडी पेटी. आवाज नाही, वास नाही.

शिंद्यांचं म्हणणं साधं होतं. फूल पहाटे येतं आणि दुसऱ्या पहाटे विकलं जातं. मधली रात्र त्याला थंडावा लागतो. सोलर दुपारी असतो, रात्री नाही. "पूर्वी लाइट गेली की बर्फाच्या लाद्या आणायला पळायचो. गौरीच्या सणाला एकदा सगळी शेवंती काळी पडली. आता दुपारचं ऊन या पेटीत जातं आणि रात्री फुलांना गार ठेवतं. उन्हानं गार होतंय, काय म्हणाल?"

त्यांनी मेन स्विच पाडून दाखवला. दिवा क्षणभर लवला आणि पुन्हा स्थिर झाला. खोलीची घरघर तशीच चालू. मी सावंतांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

सावंतांनी हाताने थंडी तपासली, एक गुलाब हुंगला आणि म्हणाले, "झकास. पण ही खोली सातव्या मजल्यावर जाते का?"

ताईकडे जेवायला गेलो. तिने आमच्यासाठी मुद्दाम आळूची भाजी केली होती. सावंत जेवताना म्हणाले की कोकणात त्यांच्या घरी आळूत फणसाच्या आठळ्या घालतात, इथे शेंगदाणे घालतात. ताई म्हणाली, "इथे आठळ्या मिळत नाहीत, अध्यक्ष मिळतात." स्कूटरही तिच्या बाल्कनीतून सोडलेल्या वायरवर जेवून घेत होती. परत निघताना आकडा भरलेला पाहून सावंत पहिल्यांदा निवांत बसले.

रविवार सकाळ : खाडीपलीकडे

कोपर पुलावरून पश्चिमेला, तिथून मोठागाव, आणि मोठागावहून खाडीवरचा नवा पूल. ज्यांनी हा पूल अजून ओलांडला नाही त्यांनी एकदा सकाळी ओलांडावा. खाली उल्हास नदी खाडीला मिळायच्या बेतात रुंद होते, काठाला खारफुटी, चिखलात बगळे. ठाण्याला जायचं म्हणजे पूर्वी शिळफाट्याला वळसा नाहीतर भिवंडीला. आता डोंबिवलीतून निघालो आणि गप्पांत माणकोली आलंसुद्धा. सावंत पुलाच्या मध्यावर म्हणाले, "हा पूल होणार नाही असंही मी म्हटलेलं." मी समोरचा रस्ता बघत राहिलो. गाडी चालवताना हसू नये.

माणकोलीच्या आसपास गोदामंच गोदामं. पुलाच्या उतारावरून त्यांचे पत्रे दिसतात, आणि त्यांतल्या कितीतरी पत्र्यांवर आता निळी पॅनेल आहेत. ज्या पत्र्यांनी आजवर फक्त आतल्या माणसांना भाजून काढलं, ते कामाला लागले आहेत. हे दृश्य मला कुठल्याही घाटापेक्षा कमी वाटलं नाही.

कोलशेत

कोलशेतला माझ्या ऑफिसातल्या मित्राची मुलगी केतकी बॅटऱ्या जोडण्याचं काम करते. मोठ्या कारखान्यांच्या जागी आता मोठाले टॉवर आहेत, पण आतल्या गल्ल्यांत गाळे टिकून आहेत. तिचा गाळा खाडीच्या बाजूला. सहा जण काम करतात, त्यात चार मुली. टेबलावर वहीएवढे चपटे सेल ओळीने मांडलेले होते. प्रत्येक सेल भरून, रिकामा करून, पुन्हा भरून पाहतात, आणि सारखेच निघालेले सेल एकत्र बसवतात. एक जरी अशक्त असला तरी तो बाकीच्यांना मागे खेचतो.

सावंतांचा पहिला प्रश्न, "ही फुटते का?" एमआयडीसीत राहणारा माणूस आधी हेच विचारतो आणि त्याला ते विचारायचा हक्क आहे.

केतकी हसली नाही. म्हणाली, "काका, पेटू शकत नाही असं मी म्हणणार नाही. ही ज्या रसायनाची आहे ते सहज पेट घेत नाही, मोबाइलमधल्यापेक्षा हे शांत आहे. तरी जिन्याखाली ठेवायची नाही, बंद खोलीत कोंबायची नाही. हवा खेळती पाहिजे, आणि शेजारी रद्दी नको." सावंतांना हे उत्तर आवडलं. खोटं आश्वासन दिलं असतं तर ते तिथूनच परत फिरले असते.

मग तिने फरशीवर खडूने दोन उंचवटे काढले, एक दुपारचा, एक संध्याकाळचा. "दुपारी गच्ची भरभरून देते तेव्हा घरं रिकामी. सातला सगळे घरी येतात, दिवे, टीव्ही, मिक्सर, तेव्हा गच्ची गप्प. एका इमारतीचं जे, तेच अख्ख्या राज्याचं. नुसती पॅनेल वाढवून संध्याकाळ उजळत नाही. दुपार थोडी थांबवून ठेवायला हवी. आम्ही इथे तेवढंच करतो."

मी आमच्या लिफ्टचे, पाण्याच्या पंपाचे आणि जिन्यातल्या दिव्यांचे आकडे नेले होते. लिफ्टचं एक गंमतशीर गणित तिने सांगितलं. एका फेरीला वीज लागते ती थोडीच, पण निघताना लिफ्ट एक जोराचा हिसका देते. तो हिसका नुसत्या पॅनेलना झेपत नाही, बॅटरीला झेपतो. मग तिने विचारलं, "वीज जाणार असते त्याच्या आदल्या संध्याकाळी तुमच्याकडे काय चालतं?"

"गुरुवारी?" मी म्हटलं. "सगळेच पाणी भरतात, कपडे धुऊन घेतात, वाटणं करून ठेवतात, घरचे इन्व्हर्टर चार्ज करतात. पंप तर दोनदा चालतो."

"हं," एवढंच म्हणून तिने 'गुरुवार' असं फरशीवर लिहिलं आणि भोवती गोल काढला. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. "चालती लिफ्ट बघायची तर बाळकुमला जा. तिथे आमची बॅटरी आहे. भोईरकाकांना फोन करून ठेवते."

बाळकुम

बाळकुम म्हणजे पूर्वीचं गाव. आता उंच इमारतींच्या मधून गाव शोधावं लागतं, पण शोधलं की सापडतं. हरेश भोईर हे त्या संकुलाचे व्यवस्थापक. जिथे संकुल उभं आहे तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. त्यामुळे ते व्यवस्थापक आहेत असं कागदावर, वागणं यजमानाचं.

फाटकावर मोठा फलक होता: 'आजची हळद सूर्यावर'. खाली भोईरांच्या पुतण्याचं, प्रणयचं नाव. आदल्या संध्याकाळी त्याची हळद झालेली, लग्न त्याच दिवशी सायंकाळी. आगरी घरची हळद म्हणजे काय हे ठाणे जिल्ह्याबाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. लग्न एकवेळ साधं होईल, हळद होणार नाही.

"या या, बसा," भोईर म्हणाले. "काल असतात तर बघितलं असतं. डीजे, लाइटिंग, सगळा आपल्या बॅटरीवर! गावात कुणी केला नाय असा."

बॅटरीची खोली त्यांनी देवघर दाखवावं तशी दाखवली. बाहेर चपला काढायला लावल्या. भिंतीला लागून चार पेट्या. एकीला हळदीकुंकू लावलेलं. सावंतांनी माझ्याकडे पाहिलं, मी वर पाहिलं.

सावंत लिफ्टमध्ये शिरले. त्याच वेळी नवरदेव प्रणय पिवळ्याधमक कुर्त्यात, अंगाला हळद तशीच, आठव्या मजल्यावर जायला आला. दार मिटलं. भोईरांनी मोठ्या ऐटीत मेन स्विच पाडला. लिफ्ट निघाली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं, तिथे थांबली. पुन्हा निघताना दिवे मंदावले, एक खणका झाला आणि सगळं बंद.

भोईरांचा फोन वाजला. स्पीकरवरून प्रणयचा आवाज, "काका, आम्ही दोघं अंधारात आहोत."

मागून सावंत, "नवरीला कळवू नका. लग्न मोडायचं."

लिफ्टला वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडायची छोटी सोय असते, तिने त्यांना पाचव्यावरच सोडलं. सावंत जिन्याने खाली आले. उजवा खांदा आणि बाही हळदीने पिवळी झालेली. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "पाटणकर, निघू या."

मला आठल्ये काकांचा कठडा धरलेला हात दिसायला लागला. आठवड्याने सभा. यानंतर बॅटरीचं नाव घ्यायला मला तोंड उरणार नव्हतं.

पण मी आकड्यांचा माणूस. गेलं तर का गेलं हे कळल्याशिवाय मला गाडी सुरू करता येत नाही. पेटीवरच्या पडद्यावर बघितलं. बॅटरी जवळजवळ रिकामी. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती: राखीव, म्हणजे लाइन गेल्यावर वापरायला बाजूला ठेवायचा हिस्सा, आणि पुढे शून्य.

"हे शून्य कोणी केलं?" मी विचारलं.

भोईरांनी चष्मा लावला, पाहिलं आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "परण्या!"

नवरदेव येऊन उभा राहिला. "मीच केलेला काका. राखीव ठेवलेलं असलं की डीजे मध्येच लाइनवर जायला लागलेला. फलकावर सूर्यावर लिहिलेलं ना आपण. खोटं कसं पडायला द्यायचं?"

"आणि परत लावला का नाय?"

"नाचत होतो."

सगळं उलगडलं. बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं. सकाळच्या उन्हाने जे थोडं भरलं, त्यावर लिफ्ट पाच मजले चढली. पुन्हा निघण्याचा हिसका द्यायला मागे बळ उरलं नव्हतं. बॅटरीने तिचं सगळं हळदीला दिलं होतं. केतकीने 'गुरुवार' लिहून गोल का काढला तेही मला आत्ता कळलं. आमच्याकडे हळद नाही, गुरुवार आहे. आम्हीही शुक्रवारच्या धास्तीने गुरुवारी संध्याकाळी बॅटरी चाटूनपुसून संपवली असती, आणि शुक्रवारी सकाळी काकांसमोर रिकामी पेटी घेऊन उभे राहिलो असतो.

मी हे सावंतांना सांगितलं. ते खांद्यावरची हळद झटकत होते. पण स्कूटरकडे गेले नाहीत.

भोईर म्हणाले, "अध्यक्षसाहेब, आमच्या दारातून पाव्हणा उपाशी आणि नाराज, दोन्ही जात नाय. लाइन चालू करतो. ऊन काय आहे बघा. तुम्ही जेवा. जेवण होऊन पान खाल्लंत की पुन्हा लिफ्टमध्ये उभे राहा. मग काय ते बोला." प्रणयला त्यांनी राखीवचा आकडा परत लावायला लावला आणि स्वतः जाऊन संकुलाचं कारंजं आणि बागेतले पंप बंद केले, म्हणजे गच्चीवरची वीज जास्तीत जास्त पेट्यांत जाईल.

जेवणाबद्दल लिहितो. तांदळाची भाकरी इतकी मऊ की तिची घडी घालता येत होती. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी वाल-वांग्याची भाजी आणि पापड. सावंतांच्या पानात हळदीतलं मटण. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले.

"मसाला कुठला?" त्यांनी विचारलं.

"घरचा. आयेच्या हातचा."

"आमच्याकडे खोबरं जास्त असतं," सावंत म्हणाले, आणि थोड्या वेळाने, जरा नाराजीनेच, "पण हेही काही वाईट नाही." कुडाळच्या माणसाकडून दुसऱ्या गावच्या मटणाला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

भोईर वाढता वाढता सांगत होते. इथे वडील भात झोडायचे, पलीकडे खाडीत काका मासे धरायचे. "बाबा बोलायचे, ऊन फुकट जातंय बघ. धान वाळवलं, मासळी वाळवली, तरी उरतं. आता उरलेलं आम्ही वर ठेवतो." त्यांनी पेट्यांच्या खोलीकडे बोट केलं. "जमीन गेली. ऊन नाय जाऊ दिलं."

मी भाकरी घेता घेता दोनदा उठून पडदा बघून आलो. आकडा चढत होता. आम्ही खाली जेवत होतो आणि भिंतीपलीकडे बॅटरीची पंगत बसली होती. माझी स्कूटरही भोईरांनी कोपऱ्यात लावून घेतली होती. पाहुण्यासोबत त्याच्या घोड्यालाही चारा.

दुपार उतरायला लागली तेव्हा सावंत स्वतःहून उठले. "चला हो नवरदेव, पुन्हा." प्रणय हसत आत शिरला. भोईरांनी या वेळी ऐट न करता स्विच पाडला. दिवा लवला, थांबला. लिफ्ट निघाली. पाचव्यावर थांबून पुन्हा निघाली. खाली मी दारावरचे आकडे मोजत होतो. बारावा मजला. खाली. पुन्हा वर. भोईरांनी लहान मुलं, आज्या, वरातीची फुलं, आहेराच्या पिशव्या, सगळ्यांना लिफ्टने वरखाली करायला सांगितलं. दार उघडलं की दर वेळी आत सावंत उभे. एकदा त्यांच्या कडेवर कुणाचं तरी बाळ होतं.

खाली येऊन ते पडद्यासमोर उभे राहिले. एवढ्या फेऱ्यांत आकडा किंचित उतरला होता.

"पाटणकर," ते म्हणाले, "काकांना एकच फेरी लागते."

परत

संध्याकाळी पुलावरून परत आलो तेव्हा खाडीवर ऊन तिरपं झालं होतं. सावंतांनी चार्जचा आकडा एकदाही वाचला नाही. मीच सांगितलं, "हे बाळकुमचं ऊन आहे बरं का, आपण ज्याच्यावर चाललोय."

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "फलक खोटा पडू नये म्हणून राखीव घालवलं. आपल्याकडेही गणपतीत असंच होणार."

सभेला सावंत तोच शर्ट घालून आले. हळदीचा डाग धुऊनही राहिला होता. ठराव त्यांनीच मांडला. कुणीतरी विचारलं, "म्हणजे गणपतीची रोषणाई पण होईल ना त्याच्यावर?" सावंतांनी सगळ्यांना आपला खांदा दाखवला आणि बाळकुमची अख्खी हकीगत सांगितली. सभा हसली, आणि मग त्यांनी आवाज न चढवता पुढचं सांगितलं. "बॅटरीचा निम्म्याहून जास्त भाग राखीव. तो गणपतीला नाही, गरब्याला नाही, गुरुवारच्या वाटणाला नाही. तो फक्त लाइन गेल्यावर लिफ्टला, पंपाला आणि जिन्याला. आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे नको, सेक्रेटरींकडे नको. आम्हाला लोक पटवतील. आठल्ये काकूंकडे द्या."

हात सगळ्यांचे वर गेले. सातव्या मजल्यावरचे काका सभेला आले नव्हते. काकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि एवढंच विचारलं, "पासवर्ड मोठा ठेवता येतो का?"

पावसाळ्याच्या आधी बॅटरी बसली. केतकी स्वतः आली होती. हवेशीर खोली, रद्दी नाही. गणपतीत मंडळाची मुलं काकूंकडे गेली, "काकू, फक्त आरतीपुरतं." काकूंनी त्यांना मोदक दिले.

बॅटरी बसल्यानंतरचा पहिला शटडाउन मात्र त्याआधीच झाला, जूनमधल्या एका शुक्रवारी. दहाला वीज गेली. सवयीने चारही मुलं खुर्ची घेऊन सातव्या मजल्यावर जाऊन थांबली. मी होतो, सावंत होते. काकू काकांच्या दंडाला धरून बाहेर आल्या, काकांच्या दुसऱ्या हातात काठी. काकांनी खुर्ची पाहिली, चौघांकडे पाहिलं. मग काकूंचा हात बाजूला केला आणि लिफ्टचं बटण स्वतः दाबलं.

आत दिवा होता. दार उघडलं.

काका आत गेले, वळले आणि चौघांना म्हणाले, "बाळांनो, उपकार आहेत. पण आता एकदाच या. आणि त्याला वेळ आहे."

दार मिटलं. आम्ही आकडे बघत उभे राहिलो: सहा, पाच, चार, तीन. चार ते तीन जरा लांबल्यासारखं वाटलं, पण ते माझं मन. मग शून्य. खालून काकांच्या काठीचा आवाज आला, फरशीवर, फाटकाच्या दिशेने.